स्पार्टन हॉप्लाइट एवढे महाग, तरी चार लढायांत संपतात कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रोम टोटल वॉर या कॉम्प्युटर गेममध्ये ग्रीक सिटीजचं कॅम्पेन (नकाशा जिंकत जायचा लांब डाव) चालू आहे, सगळा पैसा स्पार्टन हॉप्लाइटवर, म्हणजे भाला-ढालवाल्या स्पार्टन पायदळावर लावला, वीस तुकड्यांच्या फौजेत बहुतेक तेच भरले, पेर्गामममधून पूर्वेला निघालो, सार्डिस-टार्सस घेईपर्यंत मजा आली आणि अँटिओकजवळ इजिप्तच्या फौजेने बाण मारून मारून निम्मे संपवले. मधल्या काळात सिसिलीतलं सिरॅक्यूज स्किपी या रोमन घराण्याने घेतलं. मग हे युनिट उगाच डोक्यावर चढवून ठेवलंय का, आर्मर्ड (चिलखती) हॉप्लाइटच घेतलेले बरे का?

उत्तर सांगतो, जरा लांब आहे. हा गेम मी २००४ ला आला तेव्हापासून खेळतोय, २०२१ चा रीमास्टर्ड पण खेळलोय आणि ग्रीक सिटीज हा माझा सगळ्यात आवडता फॅक्शन आहे, त्यामुळे या लाल झग्यावाल्यांबद्दल मला मनापासून बोलायचंय.

स्पार्टन हॉप्लाइट गेममधल्या सगळ्यात चांगल्या पायदळापैकी आहेत यात वाद नाही. पण "चांगलं" म्हणजे नक्की कशात चांगलं हे बघ. त्यांना दोन हिट पॉइंट आहेत, म्हणजे साधा सैनिक ज्या एका घावात पडतो तिथे स्पार्टनला दोन घाव लागतात. गेममध्ये बहुतेक पायदळाला एकच असतो. त्यावर त्यांचं मोराल (लढाईतली हिंमत) इतकं वर आहे की शेजारची फळी पळाली, जनरल मेला, तरी हे बराच वेळ जागचे हलत नाहीत. आणि हातात लांब भाला, फॅलँक्स लावता येतं, म्हणजे भाले पुढे रोखलेली दाट फळी. या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तर काय मिळतं? एका जागी खूप वेळ उभं राहणारं युनिट. समोरच्याला धरून ठेवणारं. तू त्यांना मारायला पाठवलंस, आणि इथूनच सगळं बिघडत गेलंय.

आता बाणांचं समजून घे, कारण तुझी फौज त्यानेच गेली. गेममध्ये डिफेन्स म्हणून जो एक मोठा आकडा दिसतो तो तीन गोष्टींची बेरीज आहे: चिलखत, ढाल आणि कौशल्य. चिलखत सगळ्या बाजूंनी धरलं जातं. ढाल समोरून आणि डावीकडून, कारण ती डाव्या हातात आहे. कौशल्य समोरून आणि उजवीकडून, पण ते फक्त हातघाईत, बाण-भाल्यांसाठी कौशल्य मोजलंच जात नाही. आता स्पार्टनचा मोठेपणा कुठे आहे, तर लढण्याच्या कसबात. म्हणजे माहितीच्या कार्डावर तो भलामोठा आकडा बघून तू निर्धास्त झालास, आणि बाण लागताना त्या आकड्यातला एक मोठा तुकडा गायबच होता. त्यात फॅलँक्स लावून ते एका दिशेला तोंड करून उभे, आणि इजिप्तचे रथातले तिरंदाज गोल फिरून मागून-उजवीकडून मारणार, तिथे ढालही नाही. दोन हिट पॉइंट असले तरी अशा जागी माणूस कितीसा टिकणार. शिवाय वाळवंटी प्रदेशात जड पायदळ लवकर थकतं, आणि रथांच्या मागे पळवलंस तर आणखी लवकर. थकलेली तुकडी मारतेही कमी आणि मोरालही खाली येतं.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की खऱ्या स्पार्टनांचं पण अगदी असंच झालंय. इ.स.पू. ४२५ मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर ४२० हॉप्लाइट अडकले होते, अथेन्सवाल्यांनी समोरासमोर लढाई दिलीच नाही, हलके तिरंदाज आणि भालाफेके चारी बाजूंनी सोडले, जवळ आले की पळायचं, हे मागे वळले की पुन्हा मारायचं. शेवटी २९२ जिवंत शरण आले, त्यात १२० च्या आसपास अस्सल स्पार्टिएट, म्हणजे पूर्ण नागरिक असलेले. सगळ्या ग्रीसला धक्का बसला होता, स्पार्टन शरण येतो हे कुणाला खरंच वाटेना. पुढे इ.स.पू. ३९० मध्ये कॉरिंथजवळ लेकाइअमला अथेन्सचा सेनापती इफिक्रेटीसच्या पेल्टास्टनी, म्हणजे हलक्या भालाफेक्यांनी, सुमारे ६०० जणांच्या स्पार्टन तुकडीची तशीच दशा केली, अडीचशेच्या आसपास मेले. दोन्हीकडे स्पार्टन भित्रे होते म्हणून हरले नाहीत, त्यांच्या जोडीला त्या वेळी घोडदळ आणि हलकं पायदळ धड नव्हतं म्हणून हरले. तुझ्या अँटिओकच्या लढाईत नेमकं हेच घडलंय.

म्हणून पहिला बदल फौजेच्या मांडणीत. वीसच्या फौजेत स्पार्टन तीन किंवा चार, बस. त्याहून जास्त ठेवूच नको. सोबत आर्मर्ड हॉप्लाइट चार-पाच, हे स्वस्त आहेत, कोणत्याही मोठ्या शहरात वरची बॅरॅक बांधली की मिळतात आणि फॅलँक्समध्ये उत्तम टिकतात, तू म्हणतोस ते बरोबर आहे, फौजेचा कणा त्यांचाच असावा. मग तिरंदाज. ग्रीक सिटीजचे स्वतःचे साधे आर्चर कामचलाऊ आहेत, त्यापेक्षा ग्रीसच्या आसपास जनरलला फिरव आणि क्रेटन आर्चर मर्सेनरी (भाडोत्री) मिळाले की लगेच उचल, एक मिळालं तर एक, दोन मिळाले तर दोन. त्यांचा पल्ला लांब आहे, रथ-तिरंदाज गोल फिरत बसले की हेच त्यांना झोपवतात. ऱ्होडियन स्लिंगर पण चांगले, पण एक लक्षात ठेव, गोफणीचा दगड सरळ जातो, बाणासारखा वरून कमान करून येत नाही, त्यामुळे स्लिंगर आपल्याच फळीच्या मागे उभे केलेस तर ते आपल्याच लोकांच्या पाठीत दगड घालतात. त्यांना बाजूला किंवा सुरुवातीला पुढे ठेवायचं आणि शत्रू जवळ आला की मागे घ्यायचं.

आणि घोडदळ. ग्रीक सिटीजची खरी कमजोरी हीच आहे, घोडेस्वार जेमतेमच. तरी चार-पाच तुकड्या असल्याच पाहिजेत, जनरलचे अंगरक्षक धरून. फॅलँक्स शत्रूला धरून ठेवतं, फोडतं ते मागून आलेलं घोडदळ. अलेक्झांडरच्या वेळेपासूनची हीच रीत आहे, गेमने ती छान उचलली आहे. घोडदळ नसेल तर तुझे स्पार्टन समोरच्याला अर्धा तास धरून ठेवतील, आणि मग काय?

आता प्रत्यक्ष मैदानावर त्यांना कसं चालवायचं. यात बरेच जण घोळ घालतात म्हणून जरा नीट सांगतो.

शत्रूच्या युनिटवर थेट क्लिक करून हल्ल्याचा हुकूम देऊ नको. तसं केलं की अख्खी फळी त्या एका युनिटच्या मागे वळायला लागते, ते युनिट डावीकडे सरकलं की आपले लोक पण डावीकडे, भाले वर होतात, रांगा मोडतात, निम्मे तलवार काढून बसतात. त्याऐवजी फॅलँक्स लावून घे, गार्ड मोड (फळी न मोडण्याचा हुकूम) चालू कर आणि शत्रूच्या मागच्या मोकळ्या जमिनीवर क्लिक कर, चालतच, पळत नाही. म्हणजे त्यांना वाटतं आपल्याला फक्त तिकडे जायचंय, आणि मधे जो येईल तो भाल्यांवर घेत ते सरळ रेषेत पुढे सरकतात. दिसायला संथ वाटतं पण समोरची तुकडी अक्षरशः वितळते. आणि खरं तर बहुतेक वेळा एवढंही करायची गरज नसते, नुसतं उभं राहिलं तरी एआय स्वतःहून येऊन आदळतो, आणि त्याचा जनरल तर सगळ्यांच्या आधी घोडा घेऊन भाल्यांवर चढतो. जनरल पडला की त्यांच्या अख्ख्या फौजेचं मोराल कोसळतं.

खोली चार-पाच रांगांची ठेव. फार पातळ ताणलंस तर मधेच फुटते, फार जाड केलीस तर मागचे नुसते उभे राहतात आणि फळीची रुंदी कमी होऊन बगल लवकर उघडी पडते. शेजारच्या दोन युनिटमध्ये फट सोडायची नाही, हॉप्लाइटच्या फळीत एकदा शत्रू शिरला की लांब भाला कामाचा राहत नाही. मी दोन्ही टोकांची युनिट किंचित मागे वळवून ठेवतो, म्हणजे बगलेवर येणाऱ्यालाही भालेच दिसतात, आणि पेल्टास्ट किंवा एखादी साधी हॉप्लाइटची तुकडी मागे राखीव.

स्पार्टन नेमके कुठे उभे करायचे? बरेच जण त्यांना मधोमध ठेवतात कारण तिथे दिसायला भारी दिसतं. मी उजव्या टोकाला ठेवतो. उजवी बाजू म्हणजे ढाल नसलेली बाजू, फळीचं सगळ्यात धोक्याचं टोक, आणि तिथे सगळ्यात पक्क्या मनाचे लोक हवेत. जुन्या ग्रीक सैन्यात पण उजवं टोक ही मानाची जागा होती आणि स्पार्टन तीच घ्यायचे. थीब्जच्या एपामिनोंडसने इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राला हेच हेरलं, आपली डावी बाजू ५० रांगा खोल केली आणि सगळं वजन थेट स्पार्टनांच्या उजव्या टोकावर टाकलं. तिथे असलेल्या ७०० स्पार्टिएटांपैकी ४०० मेले आणि राजा क्लिओम्ब्रोटस पण. एआय असलं काही करत नाही, त्यामुळे काळजी नको, पण मल्टिप्लेअरमध्ये समोर शहाणा खेळाडू असेल तर तो नक्की करेल.

शहराच्या आत तर स्पार्टन म्हणजे कमालच. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना घरं, बगल नावाची गोष्टच नाही. भिंत फुटली किंवा गेट पडलं की त्या तोंडासमोर थोडं अंतर ठेवून एक युनिट आडवं लाव, येणारा प्रत्येक जण भाल्यांवर येतो, मग रोमनांचे हस्ताती (पायदळ) असो की घोडेस्वार. फक्त भिंतीवर चढवू नको. भिंतीवर फॅलँक्स लागत नाही, तिथे ते तलवारीने लढतात, आणि मग एवढं महागडं युनिट तिथे ठेवण्यात काय हशील.

रोमनांशी लढताना पिलमचा, म्हणजे त्यांच्या फेकायच्या भाल्याचा विचार कर. ते आधी भाला फेकतात आणि मगच तलवार काढतात, पण फॅलँक्स त्यांच्याकडे तोंड करून असेल तर बरेच पिलम ढालीवर जातात, नुकसान सोसण्याइतपत असतं. खरा धोका त्यांच्या जास्तीच्या तुकड्यांचा, ज्या बाजूने फिरून येतात. म्हणजे पुन्हा बगल, पुन्हा घोडदळ, फिरून गोष्ट तिथेच येते. मॅसिडॉनशी मात्र सांभाळून, त्यांच्या पाइकमेनचे भाले हॉप्लाइटच्या भाल्यापेक्षा लांब आहेत, समोरासमोर गेलास तर आधी मार तुझ्या लोकांना लागणार. त्यांना आर्मर्ड हॉप्लाइटनी अडकवून ठेव, आणि स्पार्टनांचं फॅलँक्स काढून बाजूने तलवारीनिशी घाल, ऑल्ट धरून राइट क्लिक केलं की दुसरं शस्त्र काढतात. पाइकच्या फळीला बगलेतून मिळालेले स्पार्टन म्हणजे दोन मिनिटांचं काम.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, आणि माझ्या मते हे युनिट कळणं न कळणं यावरच आहे.

स्पार्टन फक्त दोन शहरांत तयार होतात, स्पार्टा आणि सिरॅक्यूज. तू अख्खा नकाशा जिंकलास तरी तिसरं शहर नाही. आणि गेममध्ये रिट्रेन करायचं, म्हणजे घटलेली तुकडी पुन्हा भरायची असेल तर ते युनिट जिथे बनू शकतं तिथेच नेऊन करावं लागतं. म्हणजे अँटिओकजवळ ३० माणसं कमी झाली तर ती ३० माणसं भरायला तुकडी बोटीत बसवून स्पार्टाला आणायची, भरायची, परत न्यायची. एक टर्न म्हणजे सहा महिने. या फेऱ्यांत किती वर्षं गेली बघ. आर्मर्ड हॉप्लाइट तू पेर्गाममला भरू शकतोस, सार्डिसला भरू शकतोस, बॅरॅक बांधली की झालं. म्हणून स्पार्टनची खरी किंमत रिक्रूट करताना जे पैसे जातात त्यात नाहीच, ती मेलेल्या माणसाच्या जागी नवा माणूस आणण्यात आहे. वर भरती केली की तेवढी माणसं शहराच्या लोकसंख्येतून वजा होतात, युनिट साइझ ह्यूज ठेवली असशील तर चांगलीच जाणवतात, आणि एकट्या स्पार्टामधून सारखी भरती केलीस तर शहर वाढतच नाही, शहर वाढलं नाही की पुढच्या इमारती नाहीत.

खरा स्पार्टा नेमका याच कारणाने संपला. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लॅटीआला ५,००० स्पार्टिएट उतरले होते असं हेरोडोटस सांगतो. पुढे सुमारे दीडशे वर्षांनी ॲरिस्टॉटल लिहितो की जी जमीन ३०,००० हॉप्लाइट पोसू शकते तिथे हजार सुद्धा उरले नाहीत. इ.स.पू. तिसऱ्या शतकात राजा एजिस चौथ्याच्या वेळी प्लूटार्कच्या म्हणण्याप्रमाणे जेमतेम ७००. एक लढाई हरल्याने असं झालं नाही. स्पार्टिएट व्हायला सातव्या वर्षापासूनचं कडक शिक्षण लागायचं, सामाईक पंगतीत धान्याचा वाटा द्यायला जमीन लागायची, जमीन थोड्या लोकांच्या हातात गेली, वाटा देता आला नाही की नागरिकत्व गेलं. मेलेल्याच्या जागी नवा उभा राहीना. गेम बनवणाऱ्यांनी एवढा सगळा विचार करून दोन शहरांची अट घातली की नाही, माहीत असण्याची गरज नाही, पण नकाशावर ती अट खेळताना तोच ताण जाणवतो, आणि मला हे युनिट त्यासाठीच एवढं आवडतं.

सिरॅक्यूजचं मात्र थोडं ओढूनताणून आहे. सिरॅक्यूज कॉरिंथची वसाहत. स्पार्टाशी संबंध म्हणजे इ.स.पू. ४१४ मध्ये गिलिपस हा स्पार्टन सेनापती तिथे गेला आणि अथेन्सचा वेढा उलटवला. इटलीतली खरी स्पार्टन वसाहत टारेंटम, आणि ती गेममध्ये ब्रूटी या दुसऱ्या रोमन घराण्याकडे असते, तिथे स्पार्टन बनत नाहीत. आणि गेम इ.स.पू. २७० ला सुरू होतो, त्याच्या दोनच वर्षं आधी एपिरसचा राजा पिऱ्हस स्पार्टावर चालून आला होता आणि बायकांनी रात्रभर खंदक खणून शहर वाचवायला हात लावला होता. त्या काळाचा स्पार्टा म्हणजे इराणी सम्राट झेर्क्सीसला अडवणारा स्पार्टा नव्हेच. स्पार्टाचा राजा क्लिओमिनीस तिसऱ्याने पुढे आपल्या लोकांना मॅसिडॉनसारखा दोन्ही हातांनी धरायचा लांब भाला दिला, आणि इ.स.पू. २२२ ला सेलासियाला ती फौज पण संपली. गेममध्ये दिसतात ते दोनशे वर्षं आधीचे स्पार्टन. मला चालतं, पण माहीत असलेलं बरं.

तर सिरॅक्यूज हातचं जाऊ द्यायचं नाही हा धडा पुढच्या कॅम्पेनसाठी. स्किपींना सेनेटचं पहिलं कामच सिरॅक्यूज घ्यायचं असतं, ते पहिल्या काही टर्नमध्येच येतात. सुरुवातीला तुझ्याकडे स्पार्टा, थर्मॉन, सिरॅक्यूज, ऱ्होड्स आणि पेर्गामम, सगळी एकमेकांपासून लांब. म्हणून पहिल्याच टर्नला सिरॅक्यूजमध्ये मिळतील ते हॉप्लाइट भरती करायला घे, आणि वेढ्यात आत बसून रस्त्यावर फॅलँक्स लाव. ते टिकलं की उलट मेसाना घे. सिसिली हातात आली की स्किपींची वाढ तिथेच खुंटते आणि तुला स्पार्टन बनवणारं दुसरं शहर इटलीच्या दारात मिळतं. याचा फायदा उशिरा कळतो: रोमनांपैकी कुणीही इटलीत इम्पीरियल पॅलेस बांधला की मारियन सुधारणा येतात, म्हणजे त्यांचं सैन्य बदलतं, मग लेजनरी कोहोर्ट आणि पुढे अर्बन कोहोर्ट ही वरच्या दर्जाची पायदळं. अर्बन कोहोर्टसमोर उभं राहू शकणारं तुझ्याकडे स्पार्टनशिवाय फारसं काही नाही. ती लढाई इटलीत होते, स्पार्टाहून आणलेली तुकडी तिथे पोचेस्तोवर थकून-घटून गेलेली असते, सिरॅक्यूजहून मात्र एक छोटी बोटीची फेरी.

आत्ताच्या सेव्हबद्दल. अँटिओकचा नाद सोड. घटलेल्या स्पार्टन तुकड्या एकमेकींवर ड्रॅग करून एकत्र कर, सहा अर्ध्या तुकड्यांच्या तीन भरलेल्या होतील, वरच्या अनुभवाच्या पट्ट्या ज्यांच्यावर जास्त आहेत त्यांना वाचव. त्या तीन घेऊन टार्ससला मागे ये, टार्ससमध्ये आणि सार्डिसमध्ये बॅरॅक वाढवायला लाव म्हणजे पूर्वेची आघाडी आर्मर्ड हॉप्लाइटवर उभी राहील. इजिप्तवाले टार्ससवर चालून आले तर येऊ दे, आत रस्त्यात घे, त्यांचे रथ गल्लीत काही करू शकत नाहीत आणि फेरोज बोमेनना (इजिप्तच्या खास तिरंदाजांना) घरांमुळे मोकळा नेम मिळत नाही. तेवढ्यात जनरलला बोटीने ग्रीसला पाठवून क्रेटन आर्चर गोळा कर, आणि स्पार्टामध्ये शस्त्रं सुधारणारी लोहाराची इमारत नसेल तर आधी ती बांध, मग भरती. नवे स्पार्टन दोन झाले की ते पूर्वेला न धाडता थर्मॉनहून सिसिलीकडे काढ, आर्मर्ड हॉप्लाइट सोबत दे, आणि सिरॅक्यूज परत घे. बाहेर मैदानात स्किपींची फौज भेटली तर स्पार्टन उजव्या टोकाला.